उंबऱ्यावरून काही देत नाहीत: केलीव्हिल ते कूलंगाटा

आमच्या केलीव्हिलच्या घराला उंबरा नाही. इकडच्या नव्या घरांना तो नसतोच. पुढच्या दाराशी ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, जाळीचं दार बसावं म्हणून लावलेली. सासूबाई पुण्याहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पट्टीला उंबऱ्याचा दर्जा देऊन टाकला. कुरियरवाला आला की त्या एक तर त्याला आत बोलावतात, नाहीतर स्वतः चपला घालून बाहेर जातात. तो बाहेर आणि आपण आत असं उभं राहून घेणं-देणं नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच: "उंबऱ्यावरून काही देत नाहीत." करोनाच्या दिवसांत कुरियरवाले पार्सल बाहेर ठेवून पळायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त सोय सासूबाईंची झाली, असं मी चारचौघांत सांगायचो आणि लोक हसायचे. त्याही हसायच्या.

प्रवासवर्णनात सासूबाईंचा उंबरा कशाला, असं वाटेल. पण हा प्रवास त्याच्यामुळेच घडला.

माझी मेव्हणी रेवती गोल्ड कोस्टला राहते, म्हणजे क्वीन्सलंडमध्ये. आम्ही सिडनीचे, न्यू साउथ वेल्समधले. एकाच देशातली दोन राज्यं. एरवी मधली सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. पण करोनात ती बंद झाली आणि जिथे दोन्ही राज्यांची घरं एकमेकांना चिकटलेली आहेत, त्या कूलंगाटा गावात भर रस्त्यात नारिंगी प्लॅस्टिकचे ठोकळे मांडले गेले. कमरेइतके उंच, आत पाणी भरलेले, एकाला एक जोडलेले. अलीकडचा फुटपाथ न्यू साउथ वेल्स, पलीकडचा क्वीन्सलंड. ताटातूट झालेले लोक तिथे येऊन दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल.

त्या नोव्हेंबरात रेवतीला आठवा लागला होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी. सिडनीतून बाहेर पडायची परवानगी मिळाल्याबरोबर आम्ही गाडी काढली. पलीकडे जाता येणार नव्हतं, पण ठोकळ्यांपर्यंत तर जाता येत होतं. सासूबाईंनी ओटीची सगळी तयारी बरोबर घेतली: पुण्याहून आणलेला खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. ठोकळ्यांपाशी पोचलो तर तिथे जत्रा भरलेली. कुणी केक पलीकडे देतंय, कुणी नातवाला उचलून घेतंय, एक जण तर ठोकळ्यांवर वाकून बायकोचे केस कापत होता. पोलीस बघून न बघितल्यासारखं करत होते. पलीकडून रेवती आली, पोटावर हात धरून, आणि तिने ओढणी पुढे केली.

सासूबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि म्हणाल्या, "असं मधे उभं राहून नाही भरत. तू अलीकडे ये, नाहीतर मला पलीकडे येऊ दे."

"आई, हा उंबरा नाहीये. प्लॅस्टिकचा ठोकळा आहे."

"असू दे."

"आजी, इट्स जस्ट वॉटर इन इट," आमची नऊ वर्षांची इरा म्हणाली.

काही उपयोग झाला नाही. मृदुलाने, म्हणजे माझ्या बायकोने, समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. सासूबाईंनी पिशवी सोडली नाही. रेवती बराच वेळ ओढणी धरून उभी राहिली, मग ती तिने खांद्यावर टाकली आणि निघून गेली. संध्याकाळी तिचा मृदुलाला मेसेज आला: "रांगेतल्या सगळ्या आया हात पुढे करत होत्या. माझी एकटीच हात मागे घेत होती." त्यानंतर ती आम्हाला फोन करायची, पण आई स्क्रीनवर आली की तिला काहीतरी काम निघायचं.

डिसेंबरात बातमी आली की सीमा उघडणार, ठोकळे निघणार. मृदुलाने रेवतीला विचारलं, येऊ का? उत्तर आलं, "या. पण आधी घरी नको. त्याच रस्त्यावर भेटू. आता मधे काही नसताना आई काय करते ते बघायचंय मला."

मृदुलाने हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. सासूबाई उठल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

आता रस्त्याबद्दल. केलीव्हिल ते कूलंगाटा आठशे किलोमीटरच्या वर आहे. एका दिवसात होतो, पण बरोबर मूल आणि वयस्कर माणूस असेल तर करू नका. आम्ही कॉफ्स हार्बरला मुक्काम केला. पहाटे निघून नॉर्थकनेक्सच्या बोगद्यातून एम वनला लागलो. टोल भरावा लागतो, पण पेनंट हिल्स रोडच्या सिग्नलांपुढे तो परवडतो. पुढे पॅसिफिक हायवे आता बहुतेक ठिकाणी चौपदरी आणि गुळगुळीत आहे. वेग एकशे दहा, आणि कॅमेरे खूप. पेट्रोल हायवेवर न भरता टॅरीत शिरून भरा. सासरे आले नव्हते. त्यांना गाडी लागते आणि टीव्हीवर टेस्ट मॅच होती. यातलं खरं कारण कोणतं ते आम्ही विचारलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी या रस्त्यावर शहाणपणा करू नये, डबा घ्यावा. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात आणि लिंबाचं लोणचं होतं. केम्प्सीच्या पुढे एका झाडाखालच्या बाकावर जेवलो. नोव्हेंबरात याच बाकावर सासूबाईंनी एक घासही खाल्ला नव्हता, कारण तेव्हा आम्ही परत येत होतो. आज दोन पुऱ्या खाल्ल्या. मृदुला आईशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. दोन बहिणींच्या भांडणात आईला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही असं ऐकलं होतं; आई आणि बहिणीच्या भांडणात तर मोठ्या लेकीची पार कुचंबणा होते. इराला मात्र एकच प्रश्न होता: बिग बनानापाशी थांबणार की नाही. थांबलो. सिमेंटच्या भल्यामोठ्या केळ्यासमोर सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. त्या फोटोत फक्त इरा हसते आहे.

कॉफ्सला साधं मोटेल घ्या, पण छोटं स्वयंपाकघर असलेलं. सुट्ट्यांचे दिवस असल्याने भाडं चढं होतं, तरी सकाळचा चहा आपल्या हातचा मिळाला. चहा घेऊन मी आणि सासूबाई जेटीवर फिरायला गेलो. मृदुला आणि इरा वाळूत होत्या. ही लाकडी जेटी चुकवू नका. लांब समुद्रात जाते, सकाळी गळ टाकून बसलेली म्हातारी माणसं असतात, कुणी कुणाशी बोलत नाही आणि तरी सगळे ओळखीचे वाटतात.

जेटीच्या टोकाला मी नेहमीच्या सवयीने चेष्टा केली. "आई, तुमचा उंबरा तर सरकारनेच काढला की. आता काही अडचण नाही ना?"

त्या हसल्या नाहीत. कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंदारराव, मृदुलाच्या आधी एक होता."

मला आधी कळलंच नाही.

"सातवा संपत आला होता मला. माझी आई ओटी भरायला आली होती. ती आणि मी, दोघी निघायच्या गडबडीत. मला डॉक्टरकडे जायचं होतं, रिक्षा दारात. ती ओटी घेऊन धावत आली तोवर मी बाहेर पडलेले. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. तिने म्हटलं, आत ये. मीच म्हटलं, भर गं तिथूनच, कोण बघतंय." त्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तो राहिला नाही."

सासूबाईंनी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. घरी सत्यनारायणसुद्धा आम्हीच आग्रह करतो म्हणून होतो. एवढा एक उंबरा सोडला तर त्या काहीच पाळत नाहीत, हे मला दहा वर्षं दिसत होतं, आणि मी त्याच्यावर विनोद करत होतो.

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "वर्गात मीच सांगायचे मुलांना, पाठोपाठ घडलं म्हणजे त्याच्यामुळे घडलं असं नसतं. पण त्या दिवशी रेवतीने ओढणी पुढे केली आणि माझा हात उचलेना. नऊ वर्षांनी राहिलंय तिला. तिच्या जिवावर मी कशाला तपासून बघू?"

"मग तिला हे सांगा ना. एका मिनिटात मिटेल सगळं."

"पोटुशीच्या कानावर हे घालायचं? नववा लागलाय तिला." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मृदुलालाही सांगू नका. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आजच रेवतीला कळेल."

"आणि रेवती रागातच राहिली तर?"

"राहू दे. रागाने काही होत नाही बाळाला."

कॉफ्सच्या पुढचा रस्ता सगळ्यात सुंदर आहे असं मी इतर वेळी लिहिलं असतं. ग्राफ्टनला महिन्यापूर्वी जॅकरँडाने जांभळी झालेली झाडं आता हिरवीगार झाली होती. मग उसाची शेतं, बॅलिनाच्या आधी रुंद नदी, आणि बायरनच्या वळणावर सर्फबोर्ड लादलेल्या गाड्यांची रांग. मी यातलं फारसं पाहिलं नाही. मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाई आरशात दिसत होत्या, आणि शेजारी मृदुला माझ्या कानाशी म्हणत होती, "आईने आज पुन्हा तसंच केलं ना, तर मी पण बोलणार नाही तिच्याशी." मी जन्मात पहिल्यांदा बायकोपासून काहीतरी लपवत होतो आणि तेही तिच्या आईच्या सांगण्यावरून.

ट्वीड हेड्समध्ये, म्हणजे अजून न्यू साउथ वेल्समध्येच, गाडी लावली आणि चालत निघालो. तेव्हा मोबाइलवर पास आणि टेस्टचा रिपोर्ट लागायचा. तुम्हाला आता काहीच लागणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात क्वीन्सलंड आपल्यापेक्षा एक तास मागे असतं. रस्ता ओलांडला की घड्याळ बदलतं. जेवणाचं टेबल बुक केलं असेल तर कुठल्या फुटपाथची वेळ आहे ते विचारून घ्या.

ठोकळे गेले होते. मला वाटलं होतं लोक नाचत असतील. सकाळी म्हणे थोडं झालंही होतं तसं. आम्ही पोचलो तेव्हा दोन माणसं उरलेले ठोकळे एका ट्रकवर चढवत होती. आतलं पाणी सोडून दिल्यावर ते इतके हलके झाले होते की एक जण एका हाताने उचलत होता. डांबरावर जिथे ते उभे होते तिथे फिकट चौकोन राहिले होते आणि पाण्याचा ओघळ गटाराकडे गेला होता. लोक रस्ता ओलांडत होते, पलीकडे जाऊन काही काम नसल्यासारखे थांबत होते आणि परत येत होते. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन तीनदा गेले आणि आले. बरेच महिने प्लास्टरमध्ये असलेला पाय पहिल्यांदा टेकवताना माणूस जसा जपून टेकवतो, तसं सगळ्यांचं चाललं होतं.

फुटपाथवर एक गोऱ्या आजी घडीची खुर्ची काखेत धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, आनंद झाला असेल ना तुम्हाला? त्या म्हणाल्या, "झाला की, लव्ह. पण रोज दुपारी इथे मी माझ्या बहिणीशी गप्पा मारायचे. ती तिकडे, मी इकडे. आता ती म्हणते, कधीही ये. कधीही म्हटलं की जाणं होत नाही, मला ठाऊक आहे ना." आणि त्या तिथेच थांबल्या, बहुधा बहीण येते का ते बघत.

पलीकडच्या फुटपाथवर रेवती आणि तिचा नवरा करण दिसले. करण पंजाबी आहे. त्याला या सगळ्या प्रकरणात फक्त एवढंच कळलं होतं की नारळ फार महत्त्वाचा आहे. रेवती आम्हाला पाहून हसली नाही. ती चालत आली ती बरोबर त्या फिकट चौकोनांपर्यंत. एका चौकोनाच्या पलीकडच्या कडेशी उभी राहिली आणि ओढणीचं टोक पुढे धरलं.

"भर," ती म्हणाली. "आता मधे काही नाही."

सासूबाई तिच्यापासून दोन हातांवर, अलीकडे. त्यांनी खाली पाहिलं. डांबरावरची ती पांढुरकी खूण त्यांच्या पायांच्या आणि रेवतीच्या पायांच्या मधून जात होती.

"इथे नाही," त्या म्हणाल्या.

मृदुलाने डोळे मिटून घेतले. रेवतीचा चेहरा मी विसरणार नाही. "बघितलंस, ताई? मी उगाच त्या ठोकळ्यांना दोष देत होते. भिंत कधी नव्हतीच. ही होती."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं सगळं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांना खात्री असावी. मी इराचा हात धरून गप्प उभा राहिलो, आणि ते मला अजिबात सोपं गेलं नाही.

मग सासूबाई चालायला लागल्या. त्या चौकोनावरून पलीकडे गेल्या, रेवतीच्या अगदी जवळून, पण तिला हात न लावता. सबंध रस्ता ओलांडला, फुटपाथ चढल्या, करणच्याही पुढे गेल्या आणि एका बेकरीच्या भिंतीपाशी जाऊन पिशवी खाली ठेवली. वळल्या. "रेवा, इकडे ये."

रेवती जागची हलली नाही.

"त्या दिवशी काय म्हटलं होतं मी?" सासूबाईंचा आवाज वर्गातला असतो तसा होता. "तू अलीकडे ये, नाहीतर मला पलीकडे येऊ दे. त्यांनी येऊ दिलं नाही. आज आले. आता मी तुझ्या बाजूला आहे. ये."

रेवतीला वळायला वेळ लागला. नवव्या महिन्यात सगळंच हळू होतं. पण ती वळली, आणि चार पावलांनंतर तिने चेहरा ओढणीत लपवला, मग तीच ओढणी पुढे धरली. बेकरीतल्या मुलीने बाहेरचं एक टेबल न सांगता बाजूला ओढलं. सासूबाईंनी कुंकू लावलं, खण ठेवला, तांदळाच्या ओंजळी घातल्या, नारळ ठेवला. त्यांच्या हातून बरेच तांदूळ खाली सांडले. करणने वाकून ते वेचायला सुरुवात केली आणि विचारलं, "मम्मीजी, ये भी गिनना है क्या?" तेव्हा सगळे हसले आणि सगळेच रडले, मीसुद्धा.

"एवढंच होतं?" रेवती नाक पुसत म्हणाली. "एका बाजूला उभं राहायचं, एवढंच?"

"एवढंच," सासूबाई म्हणाल्या.

मी समुद्राकडे बघितलं. समुद्र तिथून जवळच आहे. जमलं तर पॉइंट डेंजरच्या दीपगृहापर्यंत चालत जा. वाटेत वारा चांगला असतो.

दोन दिवस रेवतीकडे राहून आम्ही तिघं परत आलो. सासूबाई तिथेच राहिल्या. परतीचा प्रवास बॅलिनाला थांबून केला, तिथली गरम चिप्स इराच्या मते संपूर्ण ट्रिपमधली बेस्ट गोष्ट आहे. मागची सीट मोकळी होती आणि मृदुला दर तासाला मागे वळून बघत होती. आठवड्याने मुलगी झाली. पहिला फोन सासऱ्यांना आला, आणि सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला की पत्रिकेला वेळ कुठली धरायची, क्वीन्सलंडची की आमची.

बारसं झालं त्या संध्याकाळी रेवतीने मला एकट्याला फोन केला. आईने तिला सगळं सांगितलं होतं, मांडीवर बाळ घेऊन.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"कॉफ्सपासून."

"मी तिला भर रस्त्यात म्हटलं, भिंत ही होती. आणि तरी ती काही बोलली नाही. तू पण नाही."

"त्यांनी बजावलं होतं."

मागे बाळ कुरकुरत होतं आणि सासूबाई त्याला काहीतरी म्हणत होत्या. मग रेवती म्हणाली, "तू तो ब्लॉग लिहितोस ना? हे लिही. पण आईबद्दल चांगलं लिही." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, रस्त्याची माहिती नीट दे, लोक त्यासाठी वाचतात.

ती दिली आहे. जायचं असेल तर जरूर जा. ठोकळ्यांचे चौकोन आता पावसाने गेले असतील आणि सीमा कुठे होती ते दाखवायला तुम्हाला कुणीतरी स्थानिक माणूस शोधावा लागेल.

सासूबाई अजून गोल्ड कोस्टलाच आहेत. घरात मी, मृदुला, इरा आणि क्रिकेट बघणारे सासरे. काल दुपारी बेल वाजली. कुरियरवाला जाळीच्या दाराबाहेर पार्सल पुढे करून उभा होता, सही हवी होती. मी दार उघडलं, हात पुढे केला आणि थांबलो. मग चपला घातल्या, पट्टी ओलांडून बाहेर गेलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि पार्सल घेतलं. "यू डिडन्ट हॅव टू कम आउट, मेट," तो म्हणाला. मी म्हटलं, नो वरीज.